रात्री तिथं कोण असतं?

लग्नसराई आली की भोकरदनमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास कानावर पडतो. आम्ही सगळे चार दिवस बाहेर चाललो, कुत्र्याचं काय करायचं? पूर्वी वाड्यात कुणी ना कुणी मागं असायचं, नाहीतर कुत्रं शेतात सालगड्याजवळ राहायचं. आता घरात चारच माणसं, ती चारही गाडीत बसणार. मग मोबाइलवर जालन्याचं किंवा छत्रपती संभाजीनगरचं डॉग हॉस्टेल शोधायचं, हिरवळीवर बागडणाऱ्या कुत्र्यांचे फोटो बघायचे आणि आगाऊ पैसे पाठवून मोकळं व्हायचं.

माझं कळकळीचं सांगणं आहे, फोटोंवर जाऊ नका. फोटो दिवसाचे असतात. कुत्र्याचे हाल होतात ते रात्री. परकी जागा, अनोळखी वास, शेजारच्या जाळीतलं भुंकणं. त्या वेळी आवारात माणूस झोपायला असतो, की कुलूप लावून सगळे घरी जातात? पहिल्याच फोनवर हे विचारा. उत्तर देताना जो घुटमळतो, त्याच्याकडे ठेवू नका. आधी एकदा स्वतः जाऊन कुत्रं जिथं झोपणार ती खोली बघा. ती दाखवायला कुणी तयार नसेल तर मी तरी तिथूनच माघारी फिरेन.

फिनेलच्या वासावरून स्वच्छता ठरवू नये. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनेलला तो दाद देत नाही. ब्लीचच्या पाण्यानं मरतो. फरशी कशानं पुसता, हा प्रश्न म्हणूनच आगाऊपणाचा नाही. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय कुत्रं आत न घेणारा माणूस आपल्याला कटकट्या वाटतो, पण भरवशाचा तोच. पार्वो, डिस्टेंपर आणि रेबीज या लसी हव्यातच, आणि त्या निघायच्या आदल्या दिवशी टोचून भागत नाही; अंगात संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे तरी हाताशी ठेवावेत.

आपल्याकडच्या उन्हाचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर काढतं. दुपारी तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही; पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर आणखी कमी. छत कशाचं आहे, कूलर आहे का, वीज गेली तर काय, हे विचारताना संकोच कशाचा? कुत्र्याला हलता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं, आखूड साखळीला तासन् तास बांधून ठेवणं, हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. घरच्या अंगणात बांधून, शेजाऱ्याला "भाकरी टाकत जा" सांगून निघून जाणाऱ्यांनीही हे कलम ध्यानात घ्यावं.

कुत्रं म्हातारं किंवा भित्रं असेल, तर कितीही चांगल्या हॉस्टेलपेक्षा ओळखीचं घर बरं, असं माझं ठाम मत आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांचा हा मराठवाडा. कुत्री पाळणाऱ्या दोन घरांनी आळीपाळीनं एकमेकांचं कुत्रं सांभाळायला इथं काय हरकत आहे? मात्र आधी दोन्ही कुत्र्यांची गाठ घालून द्यावी, एखादी रात्र ठेवून बघावं.

कुठंही ठेवा, सोबत त्याचं रोजचं खाणं द्या. एकदम बदललं की पोट बिघडतं. घरच्यांनी वापरलेली जुनी चादर द्या. दुखलंखुपलं तर कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं आणि खर्चाला तुमची संमती आहे, हे लिहून द्या. परत आणल्यावर कानामागं, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. पुढच्या आठवडाभरात कुत्रं मलूल झालं, उलट्या किंवा रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर घरगुती उपायात दिवस घालवू नका; त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि हॉस्टेलवाल्यालाही कळवा. तिथं त्या वेळी इतरांचीही कुत्री असतात.