डॉक्टर चार, फाइल मात्र एक हवी!

परवा शेजारच्या काकूंना घेऊन आमच्या नेरुळमधल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये गेले. एका छपराखाली चार डॉक्टर, काउंटर एकच. म्हटलं, काकूंची धावपळ वाचली! पण औषधवाल्याने चिठ्ठ्या पाहिल्या आणि विचारलं, ‘‘ताई, बीपीची एकच गोळी दोन नावांनी कशी?’’ एक शुगरच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी हृदयाच्या. केसपेपर वेगळे, त्यामुळे एकाचं दुसऱ्याला ठाऊकच नाही. काकूंनी दोन्ही घेतल्या असत्या तर?

मैत्रिणींनो, डॉक्टर शेजारी बसले म्हणजे दवाखाना एक होत नाही. पेशंटची फाइल एक हवी आणि ती चारही डॉक्टरांपुढे ठेवायची जबाबदारी कुणा एकावर हवी. फीचा फलकही हवा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांतच तसं म्हटलंय. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायलाही त्यात मनाई आहे.

आपणही भीड सोडू या. सगळ्या गोळ्या एका वहीत लिहून प्रत्येक डॉक्टरांना दाखवा. विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. काकूंची वही आता माझ्या पर्समध्येच असते!