लिफ्ट किट : इंच विचारण्याआधी वजन सांगा

मुंब्रा-पनवेल रस्त्यावर तळोजा एमआयडीसीच्या बाजूला थोडा वेळ उभे राहिले, तर टँकर आणि ट्रेलरच्या रांगेत एखादी तरी उचललेली थार दिसतेच. कारखान्याच्या फाटकाशी दिसते, हळदीच्या मांडवाबाहेर दिसते, पावसाळ्यात मलंगगडाच्या पायथ्याकडे जाताना दिसते. तिच्या मालकाने गॅरेजमध्ये पहिला प्रश्न विचारलेला असतो, ‘किती इंच होईल?’ आणि दुकानदारानेही हौसेने इंचातच उत्तर दिलेले असते. माझा आक्षेप या प्रश्नावरच आहे. सस्पेन्शन किट निवडताना आधी गाडीवर कायम राहणारे वजन ठरवायचे, मग टायर. उंची या दोहोंतून निघते, आणि आपल्या भागातल्या बहुतेक गाड्यांसाठी ती ४०-५० मिलिमीटरच्या पुढे जायचे कारण नाही.

‘गाडी उंच झाली की कुठे अडकत नाही’ हे पहिले प्रतिपादन घेऊ. २०२० च्या थारला मागे अखंड एक्सल आहे. तो चाकांना जोडलेला असतो, चॅसीला नव्हे. स्प्रिंग उंच केले की चॅसी वर जाते. एक्सल आणि त्याच्या मधोमध लोंबणारे डिफरन्शियल जिथल्या तिथे राहते. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर किंवा दगडावर आधी टेकते ते हेच डिफरन्शियल. मारुतीच्या जिम्नीला पुढेही अखंड एक्सल असल्याने तिच्यात ही गोष्ट दोन्हीकडे लागू पडते. डिफरन्शियलखालची जागा वाढवतो तो फक्त मोठा टायर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्म्यानेच. थारचा २५५/६५ आर १८ टायर साधारण ७८९ मिलिमीटर व्यासाचा भरतो. त्याजागी २८५/७० आर १७ घातला तर व्यास ८३१ होतो. वाढ ४२ ची, डिफरन्शियलखाली मिळाले २१ मिलिमीटर. म्हणजे एक इंचही नाही! शिवाय स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी ८४ ने पळते, ते वेगळेच.

मग लिफ्टचा उपयोगच नाही का? आहे. चॅसी वर गेल्याने पुढचा बंपर चढणीला भिडण्याआधी जास्त तीव्र कोन मिळतो, मागचाही मिळतो, आणि बांध ओलांडताना पोट टेकत नाही. मोठा टायर मडगार्डला न घासता फिरायला जागा होते. पण थारला कंपनीकडूनच पुढे सुमारे ४१ अंश आणि मागे ३६ अंशांचा कोन मिळालेला आहे. शनिवारी पनवेलजवळच्या मालडुंगे-धोदाणीकडे जाऊन रविवारी परतणाऱ्याला हे अंश कमी पडतात, असे ठामपणे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

दुसरे प्रतिपादन दुकानदाराचे आवडते : ‘स्पेसर लावा नाहीतर स्प्रिंग बदला, दोन इंच म्हणजे दोन इंच.’ इथे जरा थांबायला हवे, कारण पैशाची खरी फसगत इथेच होते. स्पेसर ही अॅल्युमिनियमची किंवा कडक प्लास्टिकची चकती. थारच्या पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेले असतात आणि ते खालच्या आर्मला चाकापासून आत जोडलेले असतात. त्यामुळे वर घातलेली चकती जेवढी जाड, त्याहून बरेच जास्त चाक खाली ढकलले जाते. स्प्रिंग तोच जुना, शॉकअप तोच जुना. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळते तेव्हा एक्सल शाफ्टचा जॉइंट आणि बॉल जॉइंट त्यांच्यासाठी आखलेल्या कोनापलीकडे जातात. आधी रबरी बूट फाटतो, मग त्यात तळोज्याची धूळ आणि चिखल शिरतो, मग वळताना कटकट आवाज यायला लागतो. उलट चाक वर दाबले जाते तेव्हा चाकाची वरची हालचाल रोखणारा बंपस्टॉप लागण्याआधीच शॉकअप आतून आपटू शकतो. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागेपुढे असलेला कल, बिघडल्याने एक्स्प्रेसवेवर स्टिअरिंग हलके होऊन गाडी वाहवते, ती तक्रार निराळी.

जुन्या गाड्यांचे मालक याच चुका देशी पद्धतीने करतात. २०१० च्या थारला पुढे टॉर्शन बार होते. ते पिळून पुढचा भाग उचलायचा. मागे पाट्यांवर एक जादा पाटा चढवायचा. कळंबोलीत ट्रकचे पाटे करणारे उत्तम कारागीर आहेत, पण त्यांचे कौशल्य दहा-वीस टन वाहणाऱ्या गाडीसाठी असते. दीड-पावणेदोन टनांच्या गाडीला तो पाटा इतका कडक होतो की चाक खाली लोंबतच नाही, हवेत राहते. जिप्सीला पाट्याचे टोक चॅसीला जोडणारे शॅकल लांब करतात. त्याने एक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो, आणि मग पाचर घालून कोन परत आणावा लागतो. ती पाचर बहुतेक वेळा घातलेलीच नसते.

आता मंडन. चांगल्या किटमध्ये स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांसाठी बनवलेले असतात. मेलबर्नमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या एआरबी या कंपनीच्या ओल्ड मॅन इमू या सस्पेन्शन मालिकेकडे पाहा : एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराचे स्प्रिंग मिळतात, आणि निवड करताना बंपर कोणता, विंच आहे का, मागे सामान किती, हे विचारले जाते. कारण साधे आहे. पुढे पोलादी बंपर आणि विंच बसवली की ८०-१०० किलो वाढतात. मूळ स्प्रिंग त्याखाली दबतो. तो दबलेला भाग परत मिळवणे हे किटचे पहिले काम. ज्याच्या गाडीवर असे काहीच नाही, त्याने जड भाराचा स्प्रिंग घेतला तर रिकामी गाडी एमआयडीसीच्या खड्ड्यांवर उसळ्या मारते, आणि उसळलेल्या चाकाला पकड नसते. म्हणजे महागडे किट वाईट निघाले असे नाही. ते दुसऱ्याच गाडीच्या वजनासाठी होते. मागच्या एक्सलला आडवी बांधणारी दांडी असते, तीही विसरू नका. गाडी उचलली की ही दांडी एक्सलला बाजूला ओढते. त्यासाठी लांबी बदलता येणारी दांडी, लांब ब्रेक होज आणि नंतर अलाइनमेंट, हे किटच्या किमतीत धरूनच हिशेब करावा.

‘सगळेच करतात, फार तर दंड भरू’ या तिसऱ्या युक्तिवादाला मी युक्तिवादही म्हणणार नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या, उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. कायद्यात ‘बदल’ म्हणजे गाडीचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल. ४० मिलिमीटरचा स्प्रिंग त्यात बसतो का, यावर वकील वाद घालू शकतील. सहा इंचांच्या लिफ्टवर वाद घालायला जागा नाही. पनवेल आरटीओत लेखी विचारणा करायला आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवायला लाजू नये. अपघातानंतरचा दावा कागदावर लढला जातो.

आणि दंडापलीकडेही काही आहे. गाडी उचलली की हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत शिरतो. तो झोत खाली आणायला पाच मिनिटे लागतात. किती जण आणतात? गुरुत्वमध्य वर गेल्याने कडेला कललेल्या वाटेवर उलटण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत गाड्यांना उलटण्याबाबत जे गुणांकन दिले जाते, त्याचा पाया चाकांमधले अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांचे गुणोत्तर हाच आहे. उंची वाढवून रुंदी तशीच ठेवली, तर कोणताही महागडा शॉकअप हे गणित पालटू शकत नाही.

आपल्याकडचा खरा शत्रू चिखल आहे, आणि त्यावरचा इलाज स्वस्त आहे. चांगल्या खोबणीचे टायर घ्या, चिखलात शिरण्याआधी हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरी रस्त्यावर परतताना छोट्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरा. मजबूत पट्टा आणि सोबतीला दुसरी गाडी ठेवा. शेतकऱ्याच्या लावणीच्या खाचरात घुसणे हे मात्र ऑफ-रोडिंग नव्हे, नासधूस आहे.

हे सगळे करूनही पोट टेकत असेल, तेव्हा किटचा विचार करा. दुकानात जाण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा भार वेगळा तोलून घ्या. एमआयडीसीत काट्यांची वाण नाही. मग विक्रेत्याला विचारा : स्प्रिंग किती किलो जादा भारासाठी आहे, शॉकअपची मिटलेली आणि ताणलेली लांबी किती, बंपस्टॉप कोणता, आणि बसवल्यावर अलाइनमेंटचे आकडे छापून देणार का. ही उत्तरे कागदावर मिळाली नाहीत, तर त्या दुकानात गाडी जॅकवर चढवू देऊ नका.