घोडा घ्यायचा की आधी बारगीर व्हायचे?



गेल्या दोन महिन्यांत आपल्या वर्गातल्या तीन घरांतून आम्हाला एकच प्रश्न आला: "तुमच्याकडे आहेत तसे छोटे घोडे आम्हीही घ्यावेत का?" तिन्ही घरांत कुणाचा तरी वाढदिवस जवळ आला आहे, हे वेगळे सांगायला नको. शाळेच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या दिलेली उत्तरे अपुरी पडतात, म्हणून संपादक मंडळींकडून ही दोन पाने मागून घेतली. आमचे मत आधीच सांगून टाकतो. वाढदिवसाची भेट म्हणून घोडा घेऊ नये. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी आधी वर्षभर दुसऱ्याच्या घोड्याची लीद उचलावी आणि मग ठरवावे.

इथे 'मिनिएचर हॉर्स' म्हणतात तो घोडा म्हणजे घोड्याचे पिल्लू नव्हे. शिंगरू मोठे होते, हा मोठा होऊनही एवढाच राहतो. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन ही संस्था १९७८ साली सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे या घोड्याची उंची ३४ इंचांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि ती मोजायची आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे. म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलापेक्षा थोडासाच उंच. यांच्या पूर्वजांत शेटलंड बेटांवरची तट्टे आहेत. इंग्लंडमध्ये १८४२ च्या कायद्याने दहा वर्षांखालच्या मुलांना कोळशाच्या खाणीत उतरवायला बंदी झाली आणि त्यानंतर मुलांच्या जागी गाडे ओढायला या तट्टांची संख्या वाढली. मुलांनो, तुमच्याएवढ्या मुलांचे काम ज्याने अंगावर घेतले, त्याच्या नात्यातला हा प्राणी आहे.

पण एवढासा दिसतो म्हणून तो कुत्र्यासारखा पाळता येईल असे समजू नका. त्याचे पोट घोड्याचे, दात घोड्याचे, खूर घोड्याचे आणि भित्रेपणाही घोड्याचाच. फक्त पाठ घोड्याची नाही. आपल्या दुसरीतल्या मुलानेसुद्धा त्यावर बसू नये असे आमचे मत आहे. छोटी गाडी ओढायला तो आनंदाने तयार होतो, तेवढे पुष्कळ झाले.

खाण्याचेच घ्या. आमच्या चिंगीचे वजन सुमारे २०० पौंड. तिला दिवसाकाठी वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे तीन-चार पौंड वाळके गवत पुरते. धान्याची चंदी जवळजवळ नाहीच. आपल्या मराठी मनाला हे फार जड जाते. आलेल्या पाहुण्याला आग्रह करून वाढल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि हा प्राणी तर सदैव भुकेलेलाच दिसतो. पण वसंतातल्या कोवळ्या गवतात साखर भरपूर असते. ते मनसोक्त खाऊ दिले की खुरांच्या आतल्या भागाला सूज येते. याला लॅमिनायटिस म्हणतात. त्यात घोड्याला पाऊल टाकणेही असह्य होते आणि आजार वाढला तर जनावर कायमचे लंगडे होते. म्हणून एप्रिल-मेमध्ये आमचे दोघेही तोंडाला जाळीची टोपली बांधून चरतात. मळणीच्या वेळी बैलाला मुसके बांधतात ना, तसेच. रस्त्याने जाणारे लोक गाडी थांबवून "हे काय क्रौर्य!" अशा नजरेने बघतात. बघोत बापडे.

बरे, उपासही चालत नाही. हा लठ्ठ घोडा एखाद-दोन दिवस जेवला नाही तर अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. मोठ्या घोड्यांपेक्षा या छोट्यांना हा धोका जास्त. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. काही बाधले की पोटशूळ उठतो आणि मग डॉक्टरला रात्री दोन वाजता फोन. थंडीत अंगावर इतकी दाट लव येते की घोडा गुबगुबीत दिसतो आणि आत बरगड्या मोजता येतात, किंवा उलटही. नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. रोज हात फिरवून बघावे लागते. आमच्याकडे हे काम सातवीतल्या मुलीचे आहे. खरारा करता करता ती बरगड्या चाचपते आणि तबेल्याच्या दारावरच्या वहीत लिहिते. वही मराठीत आहे, कारण तशी अट आम्ही पहिल्या दिवशीच घातली होती. लीद, खरारा, आयाळ, दावण, खूर हे शब्द आमच्या मुलांना पुस्तकातून आले नाहीत.

खुरांना नाल ठोकावे लागत नाहीत, पण खूर आपल्या नखांसारखे वाढत राहतात. दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येऊन ते कापून जातो. वर्षातून एकदा दात कानशीने घासून घ्यावे लागतात. धनुर्वात, रेबीज, वेस्ट नाईल या लसी दरवर्षी. परराज्यात न्यायचा तर रक्ताची कॉगिन्स चाचणी. आमच्या नॉर्थ कॅरोलिनात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे रेड मेपल. शरद ऋतूत आपण सगळे ज्या लाल पानांचे फोटो काढून भारतात पाठवतो, तीच पाने झाडावरून पडून कोमेजली की घोड्याला विषारी ठरतात. आमच्या कुंपणालगतची दोन सुंदर झाडे त्यापायी तोडावी लागली. शेजारच्या गृहस्थांनी एकदा प्रेमाने लॉनचे कापलेले ओले गवत पोतेभर कुंपणावरून आत टाकले होते. ते आंबून पोटात वायू धरतो, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. मुलाने वेळेवर पाहिले म्हणून निभावले.

आणि घोडा एकटा ठेवू नये, हे तर आम्ही ठासून सांगू. तो कळपातला प्राणी आहे. एकटा राहिला की कुंपणापाशी उभा राहून झुरतो. म्हणजे एक घोडा घ्यायचा विचार असेल तर हिशेब दोघांचा करा. कुंपणही भटक्या कुत्र्यांना आत येता येणार नाही असे हवे, कारण मोठा घोडा कुत्र्याला लाथ मारून पळवतो, पण ह्याला ते जमतेच असे नाही. आम्ही दोघेही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे घ्यायच्या आधी सगळ्या खर्चाचे कोष्टक मांडले होते. त्यात घोड्याची किंमत हा सर्वांत लहान आकड्यांपैकी एक निघाला. यावरून काय ते समजा.

या ठिकाणी एका पत्राची आठवण येते. मोठ्या मुलांनी ते शिवचरित्रात वाचले असेल. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे घोडदळ पावसाळ्यासाठी चिपळूणजवळ छावणीला होते. तिथल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी पत्र पाठवले. ते पत्र लढाईचे नाही. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आताच उधळलीत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मरणाचे खापर तुमच्यावर येईल, असा त्याचा आशय. दाणागोटा संपला म्हणून रयतेला त्रास द्याल तर याद राखा, असेही बजावले आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत तपशील आहे. राज्याचा कारभार पाहणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीचा विचार करतो! आमच्या व्यवसायात याला 'एज केस' म्हणतात आणि तो आधीच सुचणारा माणूस लाखात एक मिळतो.

त्या काळी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. सभासद बखरीत म्हटले आहे की पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे. म्हणजे पाणी आणि खूर या दोन गोष्टींची सोय आधी, मग स्वारी. आमच्या घरी दोन घोड्यांमागे आम्ही चौघे पखालजी आहोत. जानेवारीत सकाळी सव्वासहाला, स्कूल बसच्या आधी, बादलीतले बर्फ फोडायला मुले जातात. दहापैकी आठ वेळा जातात. उरलेल्या दोन वेळा आम्ही जातो.

आता खरी अडचण सांगतो, कारण इथेच घोडे पेंड खाते. भारतवारी. आपण सगळे उन्हाळ्यात चार-सहा आठवडे घरी जातो. कुत्र्यासाठी केनेल मिळते, मांजरीसाठी शेजारीण मिळते. जुलैच्या उकाड्यात दोन घोडे बघायला, तेही पोटशूळ ओळखता येईल असे, कोण मिळणार? पैसे देऊन माणसे मिळतात, पण सहा आठवडे मिळत नाहीत. गेली पाच वर्षे आम्ही चौघे एकत्र पुण्याला गेलेलो नाही. दोघे जातात, दोघे राहतात. आजी फोनवर म्हणतात, "अरे, त्या घोड्यांनाच आणा ना इकडे, सगळ्यांना एकदम बघता तरी येईल!" त्या हसत म्हणतात आणि आम्हीही हसतो. आजी ऐंशीच्या पुढे आहेत. हा आकडा आमच्या कोष्टकात नव्हता आणि कुणाच्याच कोष्टकात तो मावणार नाही. तरीही घोडे आम्ही ठेवले आहेत आणि ठेवणार आहोत, पण ज्यांचे आईवडील तिकडे थकत चालले आहेत त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

दुसरी गोष्ट वयाची. हा घोडा पंचवीस-तीस वर्षे सहज जगतो. आज नऊ वर्षांच्या मुलासाठी चार वर्षांचा घोडा घेतलात, तर घोडा तिशीचा होईल तेव्हा मुलगा पस्तीस वर्षांचा असेल. मधली पंधरा-वीस वर्षे तो कॉलेजात, नोकरीत, दुसऱ्या राज्यात. घोडा तुमच्याकडे. ज्यांचे ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे त्यांनी तर तीस वर्षांचा शब्द कुणालाच देऊ नये, मग तो चार पायांवर उभा का असेना. या देशातले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले, पण नकोसे झालेले घोडे त्यानंतरही लिलावांतून मेक्सिको आणि कॅनडाला गेले. असे नकोसे घोडे एखाद्या दुष्ट माणसाकडूनच येतात असे नाही. वाढदिवसाचा उत्साह ओसरलेल्या, घर बदललेल्या, साध्या चांगल्या कुटुंबांतूनही येतात. आमचे दोघेही तसेच आले. आधीच्या आजी-आजोबांना गुडघ्यांमुळे झेपेना.

मग हे छोटे घोडे निरुपयोगीच का? मुळीच नाही. १९९९ साली आपल्याच राज्यात, राले शहराच्या उत्तरेला किट्रेल येथे गाईड हॉर्स फाउंडेशन सुरू झाले आणि अंधांना वाट दाखवायला हे घोडे शिकवले जाऊ लागले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते आणि तो कुत्र्यापेक्षा कितीतरी अधिक वर्षे काम करू शकतो. १५ मार्च २०११ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांत अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या छोट्या घोड्याला, तो ताब्यात असेल, जागा घाण करत नसेल आणि इमारतीत मावत असेल तर, दुकानांत आणि कचेऱ्यांत प्रवेश देण्याची तरतूद आली. विमानाचे मात्र वेगळे: डिसेंबर २०२० मध्ये वाहतूक खात्याने मदतनीस प्राणी म्हणून फक्त कुत्रा, असे ठरवले. तात्पर्य, ज्याला काम आहे तो घोडा सुखी. माथेरानला तुम्ही ज्या घोड्यावर बसलात तो आपली चंदी स्वतः कमावतो. आमचा लिंबू महिन्यातून एकदा वृद्धाश्रमात जातो. तिथल्या एक बाई एरवी बोलत नाहीत, पण त्याच्या आयाळीत बोटे घालून त्याला काहीतरी लांबलचक सांगत असतात. काय सांगतात ते आम्ही कधी विचारले नाही.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की एकदम शिलेदार होऊ नका, आधी बारगीर व्हा. आपल्या काउंटीतल्या फोर-एच क्लबची चौकशी करा. ज्या मुलांकडे घोडा नाही त्यांच्यासाठी फोर-एचमध्ये 'हॉर्सलेस हॉर्स' नावाचा प्रकल्प असतो, म्हणजे बिनघोड्याचे घोडेशिक्षण. अपंग मुलांना घोड्यावर बसवणाऱ्या संस्थांनाही तबेला साफ करायला माणसे लागतातच. तिथे चारही ऋतू काढा, विशेषतः फेब्रुवारी. वर्षानंतरही मूल स्वतःहून घमेले उचलत असेल आणि आईबाबांची कुरकुर नसेल, तर आमच्याकडे या. सोडवून आणलेल्या घोड्यांना घर शोधणाऱ्या संस्थांची माहिती आम्ही देऊ. शिंगरू विकत घेण्यापेक्षा तिथला दहा-बारा वर्षांचा, माणसाळलेला घोडा नवशिक्या घराला कितीतरी बरा.

तोपर्यंत, मुलांनो, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आमचा तबेला तुमच्यासाठी उघडा आहे. एका वेळी चार जण, पालकांनी आदल्या दिवशी फोन करावा. येताना जुने बूट घाला. खरारा आम्ही देऊ. खाऊ, विशेषतः पेढे आणि लाडू, मात्र गाडीतच ठेवून या. चिंगीला वास लांबून येतो.