पोलिश भाषा घरी शिकताना : कोर्स कसा निवडावा, सराव कसा करावा



परदेशी नोकरी म्हटले की पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या वस्त्यांत पूर्वी दुबई, मस्कत, सौदी हीच नावे निघत. आता त्यांच्या जोडीला पोलंडचे नावही येऊ लागले आहे. वेल्डर, ट्रक ड्रायव्हर, गोदामातले पॅकिंग अशा कामांसाठी भारतातून माणसे तिकडे जात आहेत. चाकणला ज्या मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले, त्याच कंपन्यांचे कारखाने पोलंडमध्ये यावोर आणि पोझ्नान येथेही आहेत. तेव्हा आयटीआय झालेल्या आपल्या मुलाने किंवा मुलीने त्या देशाचा विचार केला तर त्यात नवल नाही.

जाण्याची तयारी मात्र एकाच बाजूने होते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, एजंटचे पैसे, त्यासाठी मोडलेला दागिना किंवा काढलेले कर्ज, हे सारे घरात बोलले जाते. तिथे गेल्यावर बोलायचे कोणत्या भाषेत, हे कोणी विचारत नाही. इंग्रजीवर भागेल, असे सांगितले जाते. मोठ्या शहरातल्या ऑफिसात भागेलही. पण गोदामातला मुकादम, खोलीची मालकीण, दवाखान्यातली नर्स यांच्याशी इंग्रजीवर भागेलच असे नाही. शिवाय सहीसाठी पुढे येणारा कागद पोलिशमध्ये असतो.

तिकडे कामाचे करार मुख्यतः दोन प्रकारचे. 'उमोवा ओ प्रात्से' म्हणजे कामगार कायद्याखालची नोकरी. तिच्यात भरपगारी रजा असते. 'उमोवा झ्लेत्सेन्ये' हा दिवाणी कायद्याखालचा करार. त्याला कामगार कायद्यातली रजा लागू होत नाही. आपल्याकडे कायम आणि कंत्राटी यांतला फरक ज्या घरांनी सोसला आहे, त्यांना कागदाच्या माथ्यावरच्या दोन शब्दांची किंमत आम्ही वेगळी सांगायला नको. कराराचे आपल्याला समजणाऱ्या भाषेतले भाषांतर मागून घ्यावे. तरी ते खरे आहे की नाही हे पडताळायला थोडी भाषा यावीच लागते.

म्हणून पोलिश भाषा घरच्या घरी, सरावाच्या कोर्सवरून कशी शिकता येईल, ते या वेळी पाहू.

सराव म्हणजे पाठांतर नव्हे

पाढे आपण पाठ करतो. त्रिसरण-पंचशील आपल्या घरातली लहान मुलेही पाली भाषेत बिनचूक म्हणतात. ऐकून ऐकून जीभ वळते, याचा याहून चांगला पुरावा नको. परंतु तेवढ्याने पालीत नवे वाक्य बोलता येत नाही. पाठांतराने उच्चार बसतो, वाक्य घडवण्याची सवय मात्र लागत नाही.

सरावाच्या कोर्समध्ये वाक्याचा साचा तोच ठेवून एकेक भाग बदलला जातो. उदाहरणार्थ, 'इदे दो दोमू' म्हणजे मी घरी जातो. मग आवाज फक्त 'स्क्लेप', म्हणजे दुकान, एवढेच म्हणतो. आपण लगेच 'इदे दो स्क्लेपू' म्हणायचे. 'श्कोवा' म्हणजे शाळा, तर 'इदे दो श्कोवि'. 'प्रात्सा' म्हणजे काम, तर 'इदे दो प्रात्सि'. दहा-वीस शब्द असे फिरवले की नियम न घोकताही शब्दाचे शेपूट आपोआप बदलू लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याला परकी भाषा बोलणारी माणसे घाईने हवी होती. तेव्हा तोंडी सरावाला मोठा जोर आला आणि युद्धानंतर हीच पद्धत शाळा-कॉलेजांत पसरली.

मराठी येते, हे भांडवल

पोलिश अवघड म्हणतात ते इंग्रजी माणसाच्या हिशेबाने. तिच्यात सात विभक्ती आहेत. मराठीत 'घर'चे 'घरा' होऊन 'घरात', 'घराला' होते, तसेच तिथे 'दोम'चे 'दोमू' होते. लिंगे तीन, आपल्यासारखीच. पुरुष 'मी कामावर होतो' म्हणतो आणि स्त्री 'होते' म्हणते. पोलिशमध्ये पुरुषाने 'बिवेम', स्त्रीने 'बिवाम' म्हणायचे. इंग्रजीत हा भेद नाही. चाकातला च आणि चहातला च आपण वेगळे उच्चारतो, आणि पोलिशलाही दोन्ही लागतात. 'प्रात्सा'मधला त्स म्हणजे आपला चाकातलाच च.

काही शब्द तर दूरच्या नात्यातले निघतात. 'प्येंच' म्हणजे पाच, 'ब्रात' म्हणजे भाऊ, 'ओग्येन' म्हणजे अग्नी. 'बूजिच' म्हणजे झोपेतून उठवणे. ज्या 'बुध्' धातूपासून बुद्ध हा शब्द झाला, त्याच प्राचीन मुळातून हा शब्दही आला आहे.

कोर्स निवडताना

पहिली गोष्ट, प्रत्येक वाक्याला पोलिश माणसाचा आवाज हवा आणि आपल्याला बोलायला मध्ये जागा हवी. आवाजाशिवाय पुस्तकावरून भाषा शिकू नये.

दुसरी, कोर्सने तोंडाला काम द्यावे. मोबाइलवर चित्राला बोट लावणे, चार उत्तरांतून एक निवडणे, यात करमणूक होते, पण बोलणे येत नाही. पहिले दोन धडे करून पाहा. अर्ध्या तासात आपण स्वतः किती वाक्ये मोठ्याने घडवली ते मोजा. पाच-सात भरली तर तो कोर्स सोडा. पन्नास-साठ भरली तर ठेवा.

तिसरी, आपल्या उत्तरानंतर लगेच बरोबर उत्तर ऐकू यावे. चूक पक्की होण्याआधी सापडली पाहिजे.

चौथी, 'पान' आणि 'पानी' शिकवले आहे का ते पाहा. पोलिशमध्ये अनोळखी पुरुषाला 'पान', स्त्रीला 'पानी' म्हणून आदराने बोलतात. ज्या कोर्समध्ये नुसते 'ति', म्हणजे तू, आहे तो वापरून मुकादमाशी बोलाल तर अरे-तुरे केल्यासारखे होईल.

आता काही नावे. 'पिम्सलर' हा अर्ध्या अर्ध्या तासाच्या ऐकण्या-बोलण्याच्या पाठांचा कोर्स आहे. उच्चारासाठी तो चांगला, पण महाग आणि शब्द थोडे. अलेक्झांडर शेंकर यांचे 'बिगिनिंग पोलिश' हे १९६६ चे पुस्तक सरावांनी भरलेले आहे. ते जुने म्हणून टाकू नये, कारण व्याकरण बदललेले नाही. फक्त त्यातला कम्युनिस्ट राजवटीचा काळ १९८९ मध्ये संपला. १९९५ मध्ये तिथल्या चलनातून चार शून्ये काढली गेली, म्हणून जुन्या पुस्तकातल्या किमतीही आजच्या समजू नयेत. 'ड्युओलिंगो' फुकट आहे. शब्दओळखीसाठी ते जोडीला ठेवावे, त्यावर विसंबू नये. हे सारे कोर्स इंग्रजीतून समजावतात. म्हणून घरात दहावी-बारावीला असलेल्या मुलीने सूचना वाचून सांगाव्यात आणि जाणाऱ्याने बोलावे. दोघेही शिकतील. वर्षभराचे पैसे मात्र आगाऊ भरू नयेत.

सराव करताना

रोज अर्धा तास, मोठ्या आवाजात, हा मुख्य नियम. रविवारी एकदम चार तास बसून तो भरून निघत नाही. रात्रपाळी असेल तर झोप काढून उठल्यावर बसावे. कंपनीच्या बसमध्ये, चाकणच्या तळेगाव चौकातल्या गर्दीत, कालचा धडा नुसता ऐकावा. नवा धडा मात्र घरीच, कारण बसमध्ये तोंड उघडायला माणूस लाजतो.

एक धडा तीनदा करावा. पहिल्यांदा पुस्तक उघडे ठेवून, दुसऱ्यांदा मिटून, तिसऱ्यांदा आवाजाने उत्तर देण्याआधी आपण उत्तर देऊन. दहापैकी आठ वाक्ये न अडखळता आली की पुढे जावे. दहापैकी दहाचा हट्ट धरला तर आपण पहिल्याच धड्यावर महिना काढू.

विसरणे साहजिक आहे. एबिंगहाऊस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवले की शिकलेल्यातला बराच भाग पहिल्या दिवसातच जातो. त्यावर उपाय साधा आहे. जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करा. एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला पोलिश. बुटाच्या खोक्यात चार कप्पे करा. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात, तो रोज पाहायचा. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, तो तीन दिवसांनी. मग आठवड्याने, मग महिन्याने. चुकली की पुन्हा पहिल्या कप्प्यात. लायटनर नावाच्या लेखकाने १९७२ च्या पुस्तकात हीच युक्ती सांगितली. मोबाइलवर 'अंकी' हे साधन याच तत्त्वावर चालते.

सरावाचा एक धोकाही आहे. लाइनवर काम करणाऱ्याला तो माहीत आहे : हात चालतात आणि मन भलतीकडे असते. तसेच तोंड चालेल आणि मन झोपेल. म्हणून शेवटची पाच मिनिटे कोर्स बंद करून स्वतःची वाक्ये घडवा. पुस्तकातला माणूस प्रोफेसर असेल, तुम्ही वेल्डर आहात. तर 'येस्तेम स्पावाचेम', मी वेल्डर आहे, असे म्हणा. वस्तीत आणखी कोणी शिकत असेल तर रविवारी संध्याकाळी एकत्र बसावे. एकाने विचारावे, दुसऱ्याने सांगावे.

किती दिवस लागतील?

खरे तेच सांगितलेले बरे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या संस्थेने इंग्रजी माणसाला पोलिश कामापुरती चांगली येण्यासाठी सुमारे १,१०० तासांचे वर्ग धरले आहेत. रोज अर्ध्या तासाने ती सहा वर्षे होतात. तेव्हा महिन्यात पोलिश शिकवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत. परंतु रोजच्या अर्ध्या तासाने सहा महिन्यांत ९० तास भरतात. तेवढ्यात नमस्कार, आकडे, वेळ, पगार, दुखणे-खुपणे आणि कामावरच्या पाट्या एवढे नक्की जमवता येते. पुढे तिथे दीर्घकाळ राहण्याचा परवाना किंवा नागरिकत्व हवे असेल तर बी-१ दर्जाच्या पोलिशचा दाखला लागतो. म्हणजे इथे घातलेला पाया वाया जात नाही.

काही गोष्टी मात्र पहिल्या आठवड्यातच घटवाव्यात. 'उवागा' म्हणजे सावधान. 'वेय्श्चे' म्हणजे आत जाण्याचा दरवाजा आणि 'विय्श्चे' म्हणजे बाहेर पडण्याचा. कारखान्यात आग लागली तर या एका स्वराच्या फरकावर जीव अवलंबून असतो. 'न्ये रोझूम्येम, प्रोशे पोफ्तूझिच' म्हणजे मला समजले नाही, कृपया पुन्हा सांगा. आणि 'न्ये पोत्पिसूये' म्हणजे मी सही करत नाही. ही वाक्ये झोपेतून उठवून विचारले तरी यायला हवीत.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे १९२१ मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठाकडे प्रवेशासाठी लिहिले, ते जर्मन भाषेत. पालीचा तर त्यांनी शब्दकोश तयार केला. भाषा कोणाच्या मालकीची नसते, हे आपल्या घरांना त्यांनी दाखवून दिले आहे.

तेव्हा ज्या घरात पोलंडचा विचार चालू आहे, त्यांनी एजंटला पहिला हप्ता देण्याआधी एक करावे. जाणाऱ्याने एक महिना रोज अर्धा तास सराव करावा आणि घरच्यांनी वहीत तारीख टाकून खूण करावी. तीस खुणा झाल्या तर पुढची बोलणी करा. दहाच झाल्या तर पैसे घरातच ठेवा आणि पुन्हा सुरुवात करा.