गिटारच्या दारातला राखणदार

दोस्तांनो, गॅदरिंगचे दिवस आले की शाळा-कॉलेजांच्या हॉलमधून एक ओळखीचा आवाज यायला लागतो. नाही, गाण्याचा नाही! गाणं सुरू व्हायच्या आधीचा. ‘घूंऽऽऽ... शूऽऽऽ...’ स्टेजवर कुणीतरी इलेक्ट्रिक गिटार जोडलेली असते, डिस्टॉर्शनचं पेडल दाबलेलं असतं, आणि बोट तारेला लागायच्या आतच स्पीकर गुरगुरायला लागतो. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतं, ‘‘अरे, आधी कुकर बंद करा!’’ हॉलभर हशा. बिचाऱ्या गिटारवाल्याचा चेहरा अगदी बघण्यासारखा होतो.

तो चेहरा मीही एकदा करून झालो आहे, बरं का! त्याची गोष्ट पुढे सांगतोच. आधी हा आवाज येतो कुठून ते पाहू.

गिटारच्या तारांखाली जी पट्टी किंवा डबी दिसते ना, तो पिकअप. त्यात चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती अगदी बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. अगदी इवलीशी. पण या वेढ्यांना आपलं-परकं काही कळत नाही! भोवतालचा ट्रान्सफॉर्मर, पंख्याचा रेग्युलेटर, स्टेजवरचे दिवे, सगळ्यांची कुजबुज ते पकडतात. आपल्याकडच्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. म्हणून ५० हर्ट्झची ‘घूं’ येते आणि तिच्या मागोमाग १००, १५०, २०० हर्ट्झची पिल्लंही येतात. गिटारची सर्वांत जाड तार वाजते साधारण ८२ हर्ट्झवर. म्हणजे ही पिल्लं थेट आपल्या सुरांच्या मांडीवरच येऊन बसतात. चाळणी लावून त्यांना वेगळं काढावं, तर सूरही गाळले जायचे!

यावर १९५५ मध्ये अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर नावाच्या इंजिनिअरने एक झकास तोडगा काढला. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी-शेजारी ठेवायची. एकाचे वेढे उलटे जोडायचे आणि चुंबकाची बाजूही उलटी करायची. बाहेरून आलेली घूं दोन्हींत विरुद्ध येते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र दोन्हींत सारखा येतो आणि त्याची बेरीज होते. हाच तो हंबकर पिकअप. घूं पुष्कळ कमी झाली. पण पेडल आणि ॲम्पच्या आतल्या भागांची जी स्वतःची ‘शूऽऽ’ असते, ती काही हंबकरने जात नाही.

आता तुम्ही विचाराल, साधं गाणं वाजवताना ही शूऽऽ ऐकू येत नाही, मग मेटल वाजवतानाच का येते? छान प्रश्न!

समजा, एका बुटक्या छताच्या खोलीत एक उंच ताडमाड मुलगा आणि एक चिमुरडं पोर उभं आहे. दोघांच्या पायांखालची जमीन आपण हळूहळू वर उचलली. काय होईल? उंच मुलाचं डोकं छताला टेकेल, त्याला वर जायला जागाच नाही. त्याला वाकावं लागेल. चिमुरडं मात्र वर वर येत राहील. शेवटी दोघांची डोकी जवळजवळ एकाच पातळीला! जमीन उचलणं म्हणजे गेन वाढवणं. छताला आपटून सूर वाकतो, तेच आपल्याला आवडणारं डिस्टॉर्शन. आणि ते चिमुरडं पोर म्हणजे शूऽऽ. गेन जितका जास्त, तितका सूर आणि शूऽऽ यांच्यातला फरक कमी.

इथे येतो आपला राखणदार, नॉईज गेट. नावातच दार आहे. त्याचं काम सोसायटीच्या वॉचमनसारखं. आलेला आवाज ठराविक उंचीपेक्षा मोठा असेल तर दार उघडायचं, लहान असेल तर लावायचं. या ठराविक उंचीला म्हणतात थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा.

पण एक गोष्ट वहीत लाल शाईने लिहून ठेवा. राखणदार आवाज स्वच्छ करत नाही! दार उघडं असताना सुराच्या मागून शूऽऽ पण आत शिरतेच. फक्त सुराच्या धडाक्यात ती लपते. गेटचा खरा उपयोग आहे तो तुम्ही थांबता तेव्हा. ‘झंग्-झंग्-झंग्’ आणि एकदम शांतता, अशी मेटलमधली गंमत असते ना, ती शांतता राखणं एवढंच त्याचं काम. ती शांतता म्हणजे रिकामी जागा नव्हे, तोही तालाचाच भाग आहे. ती घाण झाली की पुढचा ‘झंग्’ पण लुळा पडतो.

बरं, या राखणदाराला उभं कुठे करायचं? वरच्या गोष्टीतल्या खोलीत उभं केलं तर दोघांची उंची सारखीच, ओळखणार कसा? म्हणून त्याला खाली, म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधी, गिटारजवळ उभं करावं. तिथे सूर आणि गडबड यांच्यातला फरक स्पष्ट असतो. पण मग ॲम्पच्या आत तयार होणारी शूऽऽ त्याच्या मागे राहते. आली का पंचाईत! म्हणून काही गेटना चार भोकं असतात. बॉस या जपानी कंपनीने १९८७ मध्ये काढलेलं एनएस-२ हे छोटं पेडल त्यातलंच. गिटार आधी गेटच्या इनपुटमध्ये. गेटच्या सेंडमधून डिस्टॉर्शन पेडल आणि पुढे ॲम्पचं इनपुट. ॲम्पच्या मागच्या सेंडमधून परत गेटच्या रिटर्नमध्ये. आणि गेटच्या आउटपुटमधून ॲम्पच्या रिटर्नमध्ये. म्हणजे राखणदाराचा कान खालच्या मजल्यावर आणि हात वरच्या दारावर! इको किंवा रिव्हर्बची पेडलं मात्र गेटच्या नंतर लावा, नाहीतर त्यांची लांबत जाणारी शेपटी दारात सापडेल.

आता माझी फजिती ऐका. गेट नवंकोरं होतं. मी घरी, आई ओरडू नये म्हणून बारीक आवाजात, ते अगदी झोकात सेट केलं. बटणांवर खडूने खुणासुद्धा केल्या. गॅदरिंगला स्टेजवर गेलो, खुणा जुळवल्या. सगळं शांत! मनात म्हटलं, वा! तेवढ्यात कार्यक्रम सुरू झाला, डिमरवरचे रंगीत दिवे लागले आणि ‘घर्रर्रर्र!’ नवी गडबड उंबरठा ओलांडून आत. घाबरून मी थ्रेशोल्डचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं. घर्र थांबली. पण गाण्याच्या शेवटी एक लांब सूर होता. तो हळूहळू विरत जायचा आणि त्याच्याबरोबर दिवेही मंद व्हायचे, असं आम्ही महिनाभर घटवलं होतं. मी सूर लावला. डोळे मिटले. दोन सेकंद झाले आणि... टक्! सूर गायब. साउंडवाले काका बिचारे वायर निघाली म्हणून धावत स्टेजवर आले!

म्हणजे काय चुकलं? घरातल्या खुणा घरात. गेट लावायचं ते ज्या हॉलमध्ये वाजवायचं त्याच हॉलमध्ये, त्याच आवाजाला, दिवे आणि पंखे चालू करून. त्यातही पूर्ण प्रखर दिव्यांपेक्षा डिमरवर अर्धवट मंद केलेले दिवे जास्त भुणभुणतात. साउंड चेकच्या वेळी लाइटवाल्या काकांना गोड आवाजात सांगा, ‘‘काका, दोन मिनिटं दिवे अर्धे कराल का?’’

मग असं करा :

१) थ्रेशोल्ड शून्यावर ठेवा. गिटारचं बटण पूर्ण वर. तळहाताने सगळ्या तारा दाबून धरा. आता जे ऐकू येतंय तो तुमचा शत्रू.

२) आधी शत्रूच लहान करा. गेन थोडा कमी करा; मोठ्या आवाजात कमी गेनही पुरेसा भारदस्त लागतो. वायरी तपासा. ॲम्पपासून दूर सरका आणि जागच्या जागी वळून बघा, एका दिशेला घूं बरीच कमी होते.

३) तारा दाबलेल्याच ठेवून थ्रेशोल्ड हळूहळू वाढवा. गडबड जिथे थांबते तिथे थांबा. वर केसभर जास्त, बस्स.

४) आता तुमच्या गाण्यातला सगळ्यात हळू सूर वाजवा. मग सगळ्यात लांब सूर. तो टक्कन तुटला तर बटण मागे घ्या. थोडी शूऽऽ राहिली तरी चालेल, सूर मरता कामा नये!

५) शेवटी रिलीज, काही पेडलवर डिके लिहिलेलं असतं. म्हणजे दार किती सावकाश लावायचं ते. तुटक, झटकेबाज वादनाला पटकन. लांब सुरांच्या सोलोला सावकाश. सूर विरताना दार उघड-मीट, उघड-मीट करत फडफडायला लागलं, तर रिलीज वाढवा.

आणि हो, गाण्याच्या मध्येच गिटारचं व्हॉल्यूम बटण कमी करायची सवय असेल तर चौथी पायरी त्या कमी आवाजातही करून बघा. नाहीतर राखणदार तुम्हालाच ओळखायचा नाही.

एवढं करूनही एक काम गेटला जमत नाही. मोठ्या आवाजात स्पीकरच तारांना हलवतो. तारा हलल्या की राखणदाराला वाटतं मालक आले, आणि तो दार उघडतो. यावर उपाय तुमचे दोन हात. थांबायचं त्या क्षणी उजव्या तळहाताने आणि डाव्या बोटांनी तारा दाबायला शिका. पहिला राखणदार हात, दुसरा पेडल!

आता शेवटची गोष्ट, आणि ही अजिबात गमतीची नाही. घूं जावी म्हणून काही जण प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकतात. ती अर्थिंगची पिन. घूं कदाचित थांबेलही, पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरते, आणि तुमच्या हातात तारा, ओठांजवळ माइक! १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ बँडचा तरुण गिटारवादक लेस हार्वी स्टेजवरच गेला. अर्थिंग नीट नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. तेव्हा दोस्तांनो, घूं परवडली. पिनला हात लावायचा नाही. स्टेजवर कशालाही हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं बंद, आणि ताबडतोब मोठ्यांना हाक!

या आठवड्याचा उद्योग : गिटार असेल तर घरात चारी दिशांना वळून घूं कुठे सर्वांत कमी होते ते शोधा आणि वहीत खोलीचा नकाशा काढा. गिटार नाही? हरकत नाही. जुना ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर लावून मोबाइलच्या चार्जरजवळ, एलईडी दिव्याजवळ, पंख्याच्या रेग्युलेटरजवळ न्या. कोण किती खरखर करतं ते लिहा. भिंतीतल्या बोर्डाला मात्र हात नको हं!

आणि यंदाच्या गॅदरिंगमध्ये शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत ऐका. तो विरल्यावर हॉलमध्ये क्षणभर जी शांतता पसरते ना, टाळ्या पडायच्या आधीची, ती तुम्ही कमावलेली असेल. भेटू पुढच्या आठवड्यात!