कॉर्टिसॉलचा आकडा ‘नॉर्मल’ आला, म्हणजे स्टेरॉइड बंद करता येईल का?

दमा, संधिवात किंवा त्वचाविकारासाठी अनेक महिने स्टेरॉइड गोळ्या घेतल्या की अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. गोळ्या कधी थांबवाव्यात, यासाठी युरोप आणि अमेरिकेतील हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये संयुक्त मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार सकाळचे कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा जास्त असल्यास ग्रंथी पूर्ववत झाल्या असे मानता येते. ५ पेक्षा कमी असल्यास गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. मधला आकडा आल्यास गोळ्या चालू ठेवून काही काळाने पुन्हा तपासणी करतात.

आकडे सोपे आहेत, पण ते एकट्याने वाचू नका.

रिपोर्ट नेमके काय मोजतो?

रक्तातील बहुतेक कॉर्टिसॉल एका वाहक प्रथिनाला (सीबीजी) चिकटलेले असते, थोडे अल्ब्युमिनला. शरीरात प्रत्यक्ष काम करते ते मोकळे कॉर्टिसॉल, म्हणजे जेमतेम ५ टक्के. नेहमीच्या तपासणीत मात्र सगळे मिळून मोजले जाते. त्यामुळे वाहक प्रथिन वाढले वा घटले, की ग्रंथी तशीच असूनही आकडा बदलतो.

आकडा कधी फसवतो?

• इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि गरोदरपण: यकृत जास्त सीबीजी बनवते. आकडा फुगतो आणि ग्रंथी कमजोर असूनही रिपोर्ट चांगला दिसू शकतो.

• लिव्हर सिरॉसिस, लघवीतून प्रथिने जाणे (नेफ्रॉटिक सिंड्रोम), गंभीर आजारपण: प्रथिने घटतात. ग्रंथी ठीक असूनही आकडा कमी येऊ शकतो.

पहिली चूक जास्त धोक्याची. अशा वेळी स्टेरॉइड बंद केले आणि पुढे ताप किंवा शस्त्रक्रियेचा ताण आला, तर उलट्या, चक्कर आणि रक्तदाब कोसळणे इथपर्यंत वेळ येऊ शकते.

मग सीबीजी मोजावे का?

प्रत्येकाला गरज नाही आणि ही तपासणी सगळीकडे होतही नाही. शंका असेल तिथे डॉक्टर सीबीजी, मोकळे कॉर्टिसॉल किंवा लाळेतील कॉर्टिसॉल तपासायला सांगू शकतात. लाळेत मोकळे कॉर्टिसॉलच उतरते. काही वेळा इस्ट्रोजेनच्या गोळ्या साधारण ६ आठवडे थांबवून तपासणी करतात. ते डॉक्टरांना विचारूनच करा आणि त्या काळात गर्भनिरोधनाचा दुसरा उपाय वापरा.

तुम्ही काय कराल?

रक्त देण्यापूर्वी सर्व गोळ्या, गरोदरपण आणि यकृत-मूत्रपिंडाचे आजार डॉक्टरांना सांगा. सकाळचा स्टेरॉइडचा डोस रक्त देण्याआधी घ्यायचा की नंतर, हेही विचारून घ्या. आणि रिपोर्ट कितीही चांगला दिसला, तरी स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका.