पाण्याचा पंप आणि सोसायटीचा ठराव

आमच्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीने नुकताच एक ठराव एकमताने पास केला. एकमताने, म्हणजे सभेला हजर असलेल्या पाचही जणांच्या मताने. ठराव असा, की 'सोसायटीच्या आवारात कोणीही वाहनांची दुरुस्ती करू नये.' 'कोणीही' हा शब्द केवळ शोभेचा. सगळ्या आवारात बॉनेट उघडून आत वाकणारा प्राणी एकच, आणि तो म्हणजे अस्मादिक. गाडी अर्थात प्रीमियर पद्मिनी.

ठरावाला निमित्त झालं ते पाण्याच्या पंपाचं. गाडीखाली सकाळी पाण्याचे थेंब दिसू लागले. आम्ही इंजिन बंद असताना पंखा हाताने धरून हलवून पाहिला, तर तो हलत्या दाढेसारखा डुगडुगला. म्हणजे पंपाचं बेअरिंग गेलं. निदान झालं, फी शून्य. पुढच्या रविवारी पंप बदलायचं ठरवलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "अहो, हे असलं घरी कशाला? गॅरेजं काय ओस पडलीत?"

या 'घरी कशाला'शी आमचं भांडण आहे.

पाण्याचा पंप म्हणजे काही हृदयाची शस्त्रक्रिया नव्हे. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा पाण्याकरवी बाहेर काढावा लागतो. ते पाणी इंजिनातून रेडिएटरकडे आणि रेडिएटरकडून पुन्हा इंजिनात असं फिरवत ठेवायचं, एवढंच पंपाचं काम. एक दांडा, दांड्याच्या एका टोकाला पाती, दुसऱ्या टोकाला कप्पी आणि पंखा, मधे बेअरिंग आणि पाणी अडवणारं सील. संपला पंप. शाळेत आम्हाला याहून अवघड आकृत्या काढायला लावत.

पण या साध्या वस्तूत एक गोष्ट अशी आहे, की जिच्यासाठी तो करणाऱ्याचे पाय धरावेत. पंपाच्या पोटाला खालच्या अंगाने एक बारीक भोक असतं. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर ठिबकतं. म्हणजे पंप मरायच्या आधी कित्येक दिवस मालकाला सांगत असतो, "बाबा रे, माझं काही खरं नाही." एवढा प्रामाणिक नोकर आजकाल कुठे मिळतो? आणि आमचे लोक काय करतात? ठिबक दिसली की त्या भोकात लांबी भरतात! आम्हाला हा सल्ला एका गॅरेजात छातीठोकपणे मिळाला होता. "साहेब, बुजवून देतो, दोन वर्षं बघायला नको." खरंच बघायला नको. पाणी आतल्या आत बेअरिंगमध्ये शिरतं, त्यातलं ग्रीस धुऊन काढतं, आणि मग एखाद्या घाटात ते बेअरिंग आपला निर्णय जाहीर करतं. तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करायचं आणि तक्रार मिटली म्हणायचं, ही रीत मोटारीपुरतीच असती तरी परवडलं असतं.

आता प्रत्यक्ष काम ऐका. इंजिन गार पडू द्यायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि ते नातं-गोतं बघत नाही. खालचा कॉक उघडून पाणी टबात काढायचं, पट्टा सैल करायचा, पंखा काढायचा, मग पंपाचे बोल्ट. त्यातला एक तरी गंजून बसलेला असतोच. त्याला गंज सोडवायचं तेल पाजून आपण चहा प्यावा. चहा संपेपर्यंत त्याचाही विरोध मावळतो. जुनं पॅकिंग पातीने खरवडून पृष्ठभाग अगदी स्वच्छ करायचा. खरं कष्टाचं काम हेच, आणि पैसे देऊन करून घेतलं तर नेमकी याच कामात घाई होते. नवं पॅकिंग, नवा पंप, बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे. पट्टा अंगठ्याने दाबला तर जरासा लवला पाहिजे. तंबोऱ्याची तार समजून तो ताणला, की नव्या बेअरिंगची अखेर त्याच दिवशी ठरली. एक रविवार सकाळ, बारा-तेराचा पाना आणि थोडं खरचटणं, एवढा सगळा खर्च. पंप आम्हाला नाना पेठेत मिळाला.

"पण काळ बदललाय ना," असं कमिटीतल्या एका तरुण सभासदाचं म्हणणं. बदललाय खरा. पद्मिनी बनायची बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून गेली. त्यांच्या नव्या गाडीचं बॉनेट आम्ही उघडून पाहिलं. आत प्लॅस्टिकचं एक मोठं झाकण होतं. म्हणजे झाकणाखाली झाकण! पुष्कळ नव्या इंजिनांत पंप टायमिंगच्या पट्ट्यामागे दडवलेला असतो. तिथवर पोचायचं तर अर्धं इंजिन सोडवावं लागतं. "मग बिघडला हे कळतं कसं?" आम्ही विचारलं. "दिवा लागतो." "आणि दिवा लागला की?" "फोन करायचा." गाडीचे हप्ते सात वर्षं हे भरणार, आणि आत काय आहे हे विचारायचं परक्याला! हा आपल्याच घरात पाहुणा म्हणून राहण्याचा प्रकार झाला.

बरं, हे आम्ही एकटेच बडबडतोय असंही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारीही घेतल्या. दिल्ली म्हणते दुरुस्त करा, आणि आमची पार्किंग कमिटी म्हणते खबरदार!

कमिटीचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे, तो मान्य. रेडिएटरच्या पाण्यात कूलंट असतं, चवीला गोड आणि पोटात गेलं तर जहर. ते गटारात किंवा फरशीवर सांडलं आणि आवारातल्या मांजरीने चाटलं, तर ते पाप दुरुस्ती करणाऱ्याच्या माथी. तेव्हा टब, त्यावर घट्ट झाकण आणि खाली जुने खोके ही सक्ती खुशाल करा. वेळ ठरवा, रविवारी आठ ते अकरा. ठोकाठोकीवर बंदी घाला, पंप बदलायला हातोडा लागतही नाही.

ही दुरुस्ती (ठरावाची!) आम्ही लेखी देत आहोत. वार्षिक सभेत ती चर्चेला येईल, तेव्हा ज्यांना हरकत असेल त्यांनी जरूर यावं. येताना बारा-तेराचा पाना मात्र आणावा. आमचा चौथ्या मजल्यावरच्यांनी गॅस सिलिंडरसाठी म्हणून नेलाय, आणि त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिलं होतं.